तोंडानं भरलेल्या बांगड्या

साळूबाई कासारीण भर दुपारी गेली. हिवतापानं गेली, पण घटकाभरात पारनेरच्या पेठेनं रोगाचं नाव बदलून टाकलं.

"जुनंच उलटलं म्हनं," बाया पदराआडून कुजबुजल्या.

जुनं म्हणजे महारोग. तो तिनं दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच मागं टाकला होता. पुण्याकडच्या दवाखान्यात दोन-अडीच वर्षं कडू तेलाच्या सुया टोचून घेऊन ती परतली होती. डॉक्टरनं बरी झाली म्हणून सांगितलं. पारनेरनं ते मानायचं अजून राहूनच गेलं होतं.

शेजारची लंकाबाई तेलीण उंबऱ्याशी उभी होती. आत सहादेव होता, साळूबाईचा नवरा. त्याचा उजवा हात जन्माचा लुळा, म्हणून दुकान तिनंच चालवलं. चालत्या एका हातानं त्यानं तिला न्हाऊ घातलं होतं, हिरवं लुगडं गुंडाळलं होतं, कपाळभर कुंकू लावलं होतं. हात तेवढे मोकळे राहिले. एका हातानं बांगडी चढत नाही. खालच्या आळीच्या कासाराला निरोप धाडला, तर नेमकी त्याच वेळी त्याची कंबर धरली.

"लंकाबाई," सहादेव म्हणाला, "सवाष्ण हाय गं ती. लोकांच्या बांगड्या भरल्या जल्मभर, आन् मोकळ्या हातानं चालली."

लंकाबाईनं साळूबाईच्या हातांकडं पाहिलं. त्या हातांना ती दवाखान्यातून आल्यापासून नवऱ्यावाचून कुणी शिवलं नव्हतं. तिनंही नाही.

लग्न होऊन आली त्या साली तिच्या बांगड्या वाढवल्या, तेव्हा सासूनं तिला साळूबाईच्या दुकानातच पाठवलं होतं; तिथं स्वस्त पडतं म्हणून. वर बजावलं, "हात देऊ नगंस." लंकाबाई ओट्यासमोर हात पाठीशी लपवून उभी राहिली. साळूबाईनं स्वतःचे मुडपलेल्या बोटांचे हात पदराखाली घेतले आणि हसली.

"हात नकु देऊ. कान दे. ती हिरवी उचल. आता अंगठा तळव्यात घाल. ढिला सोड हात, ढिला! सासूचा इचार करू नकु, लगीच आखडतो."

अशी ती तोंडानं बांगड्या भरायची. बाजाराच्या दिवशी ओट्यापुढं बाया आपापल्या मनगटाशी झटायच्या आणि ही बसल्या जागेवरून टोमणे मारायची. लढाईत माल मिळेनासा झाला, तरी दुकान बंद पडलं नाही. बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायची रीत. तिला मात्र कुणी केला नाही. लंकाबाईची सासू म्हणायची, "तिनं कुठं भरल्या? आपल्याच हातानं भरल्या की."

"मंग आपल्याच पाया पडा, म्हातारे," साळूबाई म्हणायची आणि पुढचीला हाक मारायची.

आता तीच सासू गल्लीतून ओरडली, "लंके! त्या हाताला हात लावलास तर माझ्या चुलीला शिवायचं न्हाई!"

आठ वर्षं फुंकून फुंकून लंकाबाईचे डोळे जळाले, तरी चूल अजून म्हातारीचीच होती.

"मंग तुमीच फुका, आत्याबाई," लंकाबाई म्हणाली आणि आत गेली.

साळूबाईचा हात गार पडला होता, लाकडासारखा. पहिली बांगडी बोटांशीच वाढवली. काच लंकाबाईच्या बोटात घुसली, रक्त आलं. दारातल्या बाया एकदम मागं सरल्या. सहादेवनं तोंड भिंतीकडं केलं.

तिनं बोट तोंडात घातलं. मग उशाच्या दिव्यातलं तेल घेऊन तो हात चोळू लागली, एकेक बोट, खूप वेळ. अंगठा तळव्यात दाबला.

"ढिला सोड, साळूमावशी," ती हळूच म्हणाली. "सासूचा इचार करू नकु."

हात काही ढिला झाला नाही. पण तेलावरून दुसरी बांगडी सरकली. मग तिसरी. दोन्ही हात भरेपर्यंत उन्हं कलली.

नमस्कार भरून घेणारीनं करायचा असतो. साळूबाई आता कशी उठणार? लंकाबाईनंच खाली वाकून तिच्या पायांवर डोकं टेकलं. दारातल्या बाया बघत राहिल्या. पुढं कुणी आलं नाही.

अंधारून आल्यावर ती घरी गेली, तर अंगणात तीन दगड मांडलेले होते आणि शेजारी तिचा एकटीचा तवा. आतून म्हातारीचा खोकला ऐकू येत होता. ओल्या लाकडांनी घर धुरानं भरलं होतं.

लंकाबाई आपल्या चुलीला सरपण आणायला वळली.