मैदान आखणाऱ्याची शिट्टी

मी एक जुनी शिट्टी आहे, मित्रांनो. पितळेची. वर निकेलचा मुलामा होता, तो ओठ लागून लागून पार उडाला आणि आता तिथून माझा पिवळा रंग दिसतो. पोटात बुचाची एक गोळी आहे. ती गरगरली की मी वाजते. हल्लीच्या प्लास्टिकच्या शिट्ट्यांच्या पोटात गोळीच नसते म्हणे. नसेना का! मला त्यांचं कौतुक नाही, आणि खरं सांगायचं तर आता स्वतःचंही राहिलेलं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. पट्टीतून मला कापलं, साच्यात दाबलं, डाग देऊन जोडलं. शेडचा मालक तयार झालेली प्रत्येक शिट्टी एकदा फुंकून बघायचा. मला फुंकली तेव्हा लेथवरचा माणूस दचकला आणि म्हणाला, "आयला, हिनं तर कान फाडलं की!" ही माझी पहिली शाबासकी. मी अशी काही फुगले म्हणता!

मला विकत घेतलं हंबीरराव सरांनी. ते तेव्हा नुकतेच एका शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून लागले होते. त्यांनी मला काळ्या दोरीत ओवलं आणि गळ्यात घातलं, ते पुढची एकतीस वर्षं. कवायत, कबड्डी, खो-खो, सगळीकडे मी होतेच. पण सरांचा जीव बास्केटबॉलवर. जिल्ह्यात कुठेही शालेय स्पर्धा असली की आयोजक म्हणायचे, "हंबीररावांना बोलवा." सर आदल्या दिवशी दुपारीच जायचे. सिमेंटवरच्या रेघा उडालेल्या असायच्या. मग दोरी ताणायची, बादलीत चुना कालवायचा आणि गुडघ्यांवर बसून ब्रशनं एकेक रेघ ओढायची. उन्हानं डोकं तापायचं, पण दुसऱ्याच्या हातात ब्रश द्यायचे नाहीत.

आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. ज्यानं मैदान आखलं, त्याचा निर्णय शेवटचा. कुठल्या पुस्तकात असं लिहिलेलं नाही बरं का. पण ज्यानं रेघ ओढली त्यालाच रेघेचं काय ते शिकवायचं, हे लोकांना पटायचं नाही. त्यामुळे सरांशी कुणी हुज्जत घालत नसे. मी वाजले की विषय संपला. मला त्याचा फार गर्व होता, मित्रांनो. आज त्याचीच लाज वाटते.

आता एक नियम सांगते, तो नीट ऐका. बास्केटबॉलच्या मैदानाच्या मधोमध एक आडवी रेघ असते. ज्या संघाकडे चेंडू आहे त्यानं आठ सेकंदांच्या आत तो रेघेपलीकडे न्यायचा. एकदा नेला की पुन्हा आपल्या अर्ध्यात मागे आणायचा नाही. आणला तर चेंडू समोरच्यांना. मैदानावर याला बॅककोर्ट म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण चेंडू पुढे गेला असं नेमकं कधी धरायचं? सगळी गोम तिथेच आहे.

सरांना हे त्यांच्या आकाराम मास्तरांनी शिकवलं होतं, तेही मैदानावर उभ्या उभ्या. "बॉल पुढं टेकला आणि मागं आला, की हान शिट्टी. लई डोकं चालवू नगंस." बस्स, एवढंच. सरांनी तेवढंच धरून ठेवलं. पंचांचं शिबिर दरवर्षी व्हायचं, तिथे नियमांचं पुस्तकही मिळायचं. सर सही करायचे, पोहे खायचे, आणि "मैदान बघून येतो" म्हणून उठायचे. पुस्तकं कपाटात राहिली, काहींचं वरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नाही. मी रोज गळ्यात लोंबत हे बघत होते. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही.

मग तो सामना आला.

जिल्ह्याची अंतिम फेरी, सतरा वर्षांखालच्या मुली. एका बाजूला शहरातली एक नावाजलेली शाळा आणि दुसऱ्या बाजूला आजऱ्याच्या पोरी. आजऱ्याचा संघ पहिल्यांदाच इथवर आला होता, आणि तो आला होता वर्षाराणीच्या जिवावर. बुटकी, काळीसावळी पोर. चेंडू तिच्या हाताला चिकटलेला असायचा. जिंकणारा संघ विभागाला जाणार होता, आणि विभागाच्या सामन्यांना पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाचे लोक मुली निवडायला येणार होते. तिचे प्रशिक्षक धैर्यशील सर सकाळीच आमच्या सरांना म्हणाले होते, "पोरीचं हे शेवटचं वर्ष हाय बघा. पुढच्या वर्षी वयात बसत न्हाय. आज निघाली तर निघाली."

चौदा सेकंद उरले होते. आजरा एका गुणानं पुढे. वर्षाराणी चेंडूला टप्पे देत आपल्या अर्ध्यातून येत होती. मधल्या रेघेवर शहराच्या दोन उंच पोरी तिच्यावर धावून आल्या. तिचा डावा पाय रेघेपलीकडे पडला. चेंडूचा एक टप्पा पलीकडे पडला. उजवा पाय अजून अलीकडेच होता. मी सरांच्या ओठांत होते, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. अडकणार असं दिसताच तिनं डावा पाय मागे घेतला, चेंडू मागे ओढला आणि गर्रकन वळून मोकळी झाली. काय सुंदर वळली होती, मित्रांनो!

आणि मी वाजले.

सगळं मैदान थबकलं. दुसरा पंच प्रसेनजीत रेघेजवळच उभा होता. गडमुडशिंगीचा हा तरुण सरांचाच जुना विद्यार्थी. तो लगबगीनं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, दोन्ही पाय पलीकडं गेलं नव्हतं. एक पाय—"

"प्रसेनजीत," सर म्हणाले, "मैदान मी आखलंय."

तो खाली मान घालून आपल्या जागेवर गेला. वर्षाराणीनं एकदा सरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि चेंडू देऊन टाकला. शहराच्या पोरींनी रेघेजवळून चेंडू आत घेतला, दोन पास केले, बास्केट झाली. एका गुणानं आजरा हरलं. धैर्यशील सरांनी गुणपत्रकावर मुकाट्यानं सही केली. सरांनी मला रुमालानं पुसून खिशात टाकलं आणि चहा प्यायला गेले.

पुढचं वर्ष उजाडलं. जुलैत पंचांचं शिबिर होतं. या खेपेला सर ज्येष्ठ म्हणून त्यांनाच नव्यांना शिकवायला उभं केलं. निशा नावाची एक नवी मुलगी होती, फार चौकस. ती चेंडू घेऊन मधल्या रेघेवर उभी राहिली. एक पाय पुढे, एक मागे. टप्पा पुढे मारला आणि तिनं विचारलं, "सर, आता मी पुढं हाय का मागं?"

"पुढं," सर म्हणाले. "बॉल टेकला न्हवं?"

कुणीतरी पुस्तक उघडलं. प्रसेनजीत तिथेच होता. त्यानं वाचून दाखवलं, आवाज न चढवता. टप्पे देत येणाऱ्या खेळाडूचा डावा पाय, उजवा पाय आणि चेंडू, ही तिन्ही पलीकडे टेकल्याशिवाय चेंडू पुढे गेला असं धरत नाहीत. तोवर तो मागेच. त्यामुळे मागे फिरली तरी दोष नाही.

सरांनी पुस्तक हातात घेतलं. दोनदा वाचलं. मग प्रसेनजीतकडे बघून म्हणाले, "ती आजऱ्याची पोरगी?"

"व्हय सर."

"तुला म्हाईत हुतं."

"व्हय सर. मी बोललो हुतो की."

सरांनी मला गळ्यातून काढून खिशात टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी धैर्यशील सरांना फोन लावला. मी खिशात होते, सगळं ऐकलं. निकाल आता बदलणार नव्हता. हरकत घ्यायची ती सही व्हायच्या आत, आणि ती कुणी घेतली नव्हती. धैर्यशील सर म्हणाले, "हरकत कशी घेणार? मैदान तुमीच आखलेलं. मला वाटलं, पोरीचंच चुकलं." वर्षाराणी मैदानावर यायची थांबली होती. पोरी तिला 'मागं फिरलेली' म्हणून चिडवायच्या. दहावी झाली तशी ती आईबरोबर काजूच्या कारखान्यात जायला लागली होती.

रविवारी सर एसटीनं गडहिंग्लजमार्गे आजऱ्याला गेले. कारखान्याच्या दारात जेवणाच्या सुट्टीत तिची आई बायडाबाई भेटली. "कोण पावणं? कुठनं आलासा?" म्हणत तिनं पाणी दिलं. सरांनी नाव सांगितलं तशी तिनं ओढणीनं तोंड पुसणाऱ्या लेकीला पुढे ढकललं. वर्षाराणीची बोटं काजूच्या टरफलांच्या तेलानं काळी पडली होती. कातडी सोललेली होती.

"बाळ," सर म्हणाले, "त्या दिवशी तुझं चुकलं न्हवतं. माझं चुकलं. मला नियमच ठाऊक न्हवता."

तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझा उजवा पाय मागंच हुता सर. मला पक्कं आठवतंय."

"व्हय. मागंच हुता."

"पण तुमी शिट्टी मारली न्हवं. मला वाटलं, एवढं मोठं सर, मैदान त्यांनीच आखलेलं, माझंच चुकलं असणार. घरात, शाळंत, समद्यांस्नी मीच सांगितलं, माझ्यामुळं हरलो म्हणून. रोज सांगितलं."

"मी शाळेत येतो. सगळ्यांसमोर कबूल करतो."

"कुणासमोर? त्या पोरी आता न्हाईत तिथं. दहावी झाली, कोण कुठं गेली, कोण कुठं." तिचा आवाज एकदम फाटला. "सर, तवाच एकदा पुस्तक बघायचं हुतं की!"

सरांचे डोळे भरून आले. रुमाल काढायला त्यांनी खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर मीही बाहेर आले. मला बघताच त्या पोरीनं दोन्ही काळे हात कानांवर घट्ट दाबून धरले. मी वाजलेसुद्धा नव्हते हो! नुसती हातात होते. कान फाडते म्हणून मिरवणारी मी, त्या क्षणी मला वाटलं, साच्यात दाबतानाच फुटून गेले असते तर बरं झालं असतं. इतक्यात आत घंटा झाली. बायडाबाई "चल गं" म्हणाली आणि दोघी कामावर गेल्या.

त्यानंतर सरांनी पंचगिरी सोडली. मी त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, खडूच्या तुकड्यांत. कडांना हिरवा गंज धरायला लागलाय. मला घासूनपुसून ठेवा, माझी कदर करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी कसली कदर! तुमच्यातलं कुणी उद्या पंच झालं, तर शिट्टी तोंडात धरायच्या आधी नियम वाचा. सगळा वाचा. आणि शेजारचा कुणी हळूच काही सांगायला आला, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

आणखी एक मागणं आहे. मला वाजता येतं, बोलता येत नाही, आणि एकदा वाजलेलं परत घेता येत नाही. तुमच्यात कुणी आजऱ्याचं असेल, त्या संघातल्या पोरी कुणाच्या ओळखीच्या असतील, तर त्यांना एवढं सांगा. वर्षाराणी मागे फिरली ते बरोबर होतं. मी तिथेच होते, मी पाहिलंय.