कट्ट्यासमोरची फरशी

सोलापुरात गिरणीमागच्या एका गल्लीत तालमीचा कट्टा होता आणि कट्ट्यावर तात्याबा होते. दोन्ही मूळचेच, असे गल्ली धरून चाले. गिरणीत मुकादमी करून घरी बसलेला हा माणूस कडुलिंबाच्या सावलीत एकच काम नेमाने करी: समोरून जाणाऱ्या बायकांच्या पायांत वहाणा नाहीत ना, हे बघणे. कट्ट्यावर वडीलधारी मंडळी असली की बायकांनी वहाणा हातात घ्यायच्या, मान खाली घालायची आणि मुकाट्याने पुढे व्हायचे, अशी रीत होती. ती कुणी घालून दिली आणि का, हे तात्याबांना कधी कुणी विचारले नव्हते. त्यामुळे त्यांचा तिच्यावर पूर्ण भरवसा होता.

सन एकतीसच्या उन्हाळ्यात रंभाबाईने ती मोडली. ही गिरणीत सूत गुंडाळायला जाणारी विधवा. कट्ट्यासमोरच काचेचा तुकडा तिच्या अनवाणी पायात घुसला, पाय सुजला, कामावर खाडे झाले आणि तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. पुढे हातापाया पडून तिने काम परत मिळवले. त्यानंतर मात्र ती वहाणा घालूनच कट्ट्यासमोरून जाऊ लागली. मान खालीच असे, पण ती काचेसाठी.

गल्लीने पंच बसवले. बाईने ऐकले नाही तर नळावर तिची घागर लावू द्यायची नाही, हे आधीच ठरले होते. फक्त तिला विचारायचे राहिले होते. पाणी तुटले तर लेकरांना घेऊन गल्ली सोडावी लागणार, हे रंभाबाईला कळत होते.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ती घागर कमरेवर घेऊनच आली. पंच वर सावलीत, ती खाली उन्हात, शहाबादी फरशीवर. आधी वहाणा काढ, मग बोल, असे तात्याबांनी फर्मावले.

"काढते की," ती म्हणाली. "पर तात्या, तुमी बी खाली या आन माज्याजवळ अनवाणी हुबं ऱ्हावा. न्याय हुईस्तवर. मग तुमी म्हणाल तसं."

तात्याबा हसले. गल्लीतल्या बायका रोज जे करतात त्याला त्यांनी काय घाबरायचे? ते उतरले.

पहिल्या पावलालाच त्यांना फरशीबद्दल नवीन माहिती मिळाली. पण चारचौघांत, तेही बाईमाणसासमोर, भाजते म्हणायचे म्हणजे अब्रूच गेली. त्यांनी उजवा पाय डाव्यावर ठेवला, मग डावा उजव्यावर. रंभाबाई वहाणा काढून, पदर सावरून शांत उभी होती. तिलाही भाजतच होते, पण तिला सवय होती.

बोलायला उठले ज्ञानबा. पंचांत ते सगळ्यांत वयस्कर, आणि भाषणाची संधी त्यांना क्वचितच मिळे. त्यांनी रीतीची हकीकत आपल्या आजोबांपासून धरली. आजोबांचे लग्न लागेतो तात्याबांना घाम फुटला होता. आजोबा वारले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आपल्या बोलण्याने माणूस रडतो हे पाहून ज्ञानबांना भरून आले आणि ते पणजोबांकडे वळले.

"घालू द्या तिला वहाणा," तात्याबा म्हणाले.

मुद्दा अजून यायचाय, असे ज्ञानबांनी नम्रपणे सांगितले.

"सगळ्या बायकांना घालू द्या म्हंतो की," म्हणत तात्याबा कट्ट्यावर चढले. रंभाबाईने वहाणा घातल्या आणि ती नळावर गेली.

संध्याकाळी तात्याबांची बायको बजाबाई त्यांच्या तळपायांना लोणी लावत बसली होती. मुकादमीच्या सगळ्या वर्षांत भर दुपारी तिनेच त्यांची भाकरी गिरणीच्या फाटकावर पोचवली होती, त्याच फरशीवरून. तिला वहाणा कधी घेतल्याच नव्हत्या. कट्ट्यासमोर काढायच्याच तर घ्यायच्या कशाला, असा तात्याबांचा विचार होता.

"तुला भाजायचं न्हाय व्हय?" त्यांनी विचारले.

"भाजायचं की."

"मग कदी बोलली न्हाईस."

"तितं बोलायची रीत न्हाय." तिने दुसरा पाय मांडीवर घेतला. "आन घरात तुमी आज इचारलं."

तात्याबांनी तिच्या तळव्यांकडे पाहिले. टाचा भेगाळून काळ्या पडल्या होत्या. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली. त्यांनी लोण्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

"आता लोण्यानं काय हुतंय," बजाबाई म्हणाली. "वहाणा आणा."