सवतीचं दुखणं

अन्नपूर्णेचं लग्न पंजाबरावाशी लागलं, तेव्हा मंगळसूत्राच्या जोडीला तिच्या गळ्यात आणखी एक वस्तू आली. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक, आणि त्यावर उठवलेली एक बाई. ही बाई म्हणजे पंजाबरावाची पहिली बायको सत्यभामा. ती वर्षभरापूर्वी वारली होती. बिजवराला दिलेल्या पोरीनं मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं, नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, सणाचा पहिला घास तिला दाखवायचा. मग मेलेली शांत राहते आणि जितीला नांदू देते. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, दुसरबीडवरून एसटी धावू लागली होती, पण त्या बाजूच्या खेड्यांत टाक काही कुणाच्या गळ्यातून उतरला नव्हता. अन्नपूर्णेलाही त्याचं काही वाटलं नाही.

दोन वर्षं सगळं बरं चाललं. मग तिच्या लघवीच्या जागी चामखिळीसारखे बारीक कोंब आले. दुखत नव्हते, खाजत तेवढे होते. एकाचे चार झाले, चाराचे दहा, आणि दिवाळीपर्यंत कोंबड्याच्या तुऱ्यासारखा त्यांचा झुबका झाला. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. असल्या जागेचं दुखणं बाई सांगणार तरी कुणाला? नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, आणि माहेर लांब होतं.

शेवटी लुगड्यावरचे रक्ताचे ठिपके सासूच्या नजरेस पडले. गीताबाईनं तिला न्हाणीत नेलं, पाहिलं, आणि ती तिथंच ओल्या दगडावर मटकन बसली.

"तिलेही हेच झालं होतं," ती म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून अन्नपूर्णेची पाचावर धारण बसली. सत्यभामा कशानं गेली हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तापानं गेली, एवढंच ठाऊक. आता कळलं, ती आपलं दुखणं मागं ठेवून गेली होती, आणि ते आपल्या अंगात येऊन बसलं होतं. भर दुपारी वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडताना पाठीमागं कुणीतरी ओणवं होऊन आपल्यासारखंच काम करतंय, असं तिला वाटायचं. वळून पाहिलं तर कुणी नसे. अंग धुताना हात थबकायचा, हे अंग आपलं की तिचं? सत्यभामेचा फोटो घरात नव्हता. टाकावरचा चेहरा सोनारानं ठोकून दिलेला, नाकडोळ्यांना नुसत्या रेघा. अन्नपूर्णा त्या रेघांकडं बघत बसली की त्यांत तिला स्वतःचंच तोंड दिसायचं.

गीताबाईनं उपाय ठरवून टाकला. अमावास्येला टाकाला पुरणाचा नैवेद्य, हिरवं लुगडं, आणि त्यानंतर बिब्बा. बिब्ब्यात तापली सुई खुपसायची, निघालेलं काळं तेल कोंबांवर लावायचं, की ते जळून गळून पडतात. पायातला काटा, टाचेची भेग, चामखीळ, सगळ्यांवर तिच्याकडं हेच औषध. गीताबाई वाईट बाई नव्हती, हे सांगून ठेवलेलं बरं. वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती. सुनेचे पाय चेपून देणारी सासू होती ती, आणि जे करत होती ते जीव तोडून करत होती.

बिब्बे आणायला तिनं अन्नपूर्णेलाच शेजारच्या शालूबाईकडं धाडलं. शालूबाईनं कशाला म्हणून विचारलं, आणि अन्नपूर्णेला रडू फुटलं. हुंदक्यांत तिनं सगळं सांगून टाकलं. सवत आपल्याला नेणार, हेही सांगितलं.

शालूबाईनं उठून दार लोटलं.

"सत्यभामेले शेवटची आंघोळ मी घातली होती, माय," ती म्हणाली. "खालचं सारं जळालं होतं तिचं. बिब्ब्यानं. त्यातच पू झाला, ताप चढला अन् आठ दिवसांत गेली. तुह्या सासूले वाटते, बिब्बा लावायले उशीर झाला म्हणून गेली. मी तवा बोलली नाही. आता बोलून राह्यली."

आता अन्नपूर्णेला सत्यभामेहून त्या अमावास्येची धास्ती वाटू लागली, आणि ती चार दिवसांवर आली होती.

दुसऱ्याच सकाळी बालाजीच्या दर्शनाचं निमित्त काढून दोघी देऊळगाव राजाच्या गाडीत बसल्या. दर्शन झालं, ते काही खोटं नव्हतं. पण आधी दवाखाना झाला. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, चष्म्यावरून बघायच्या. त्यांनी तपासलं आणि अन्नपूर्णेनं घाबरत सवतीची हकिकत सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की हा नवराबायकोच्या संबंधातून एकमेकांना लागणारा आजार आहे, मेलेल्या माणसाकडून तो येत नाही. पाळी कधी आली होती हे त्यांनी दोनदा विचारलं, कारण पोटात मूल असेल तर हे औषध चालत नाही. मग भोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावून त्यांनी कोंबांवर काडीनं तपकिरी औषध लावलं, चार तासांनी साबणानं धुवायला बजावलं, आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. यानं नाहीच गेले तर बुलढाण्याला विजेच्या सुईनं जाळता येतात, जागा बधिर करून. पुन्हा उगवले तर घाबरायचं नाही, पुन्हा यायचं. बिब्ब्याचं नाव काढायचं नाही.

"आणि नवऱ्याला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "त्याला तपासल्याशिवाय भागणार नाही."

घरी येऊन अन्नपूर्णेनं सासूला दवाखान्याचं सांगितलं आणि बिब्बा लावून घ्यायला साफ नकार दिला. गीताबाई रुसून बसली. सत्यभामा कशानं मेली, हे मात्र अन्नपूर्णेच्या ओठांवर येऊन परत गेलं. म्हातारीनं ते कसं सोसलं असतं? पंजाबरावाला डॉक्टरीणबाईंचा निरोप सांगितला तेव्हा तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. पुढच्या आठवड्यात मुकाट्यानं गाडीत बसला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून विचारलं, असे कोंब तुम्हाला कधी आले होते का? त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हाव. पण आता नाही मले. मी मागंच दाखवलं होतं, मलकापूरले. मिरचीची पोती गाडीवर चढवायले जात होतो तवा. तिथल्या डॉक्टरनं असंच काळपट औषध लावलं. तीन खेपांत साफ झालं."

"कोंब गेले तरी आजार अंगात राहू शकतो," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली याला?"

"साडेतीन-चार झाली असतीन," पंजाबराव म्हणाला. अन्नपूर्णेनं मनातल्या मनात वर्षं मोजली. आपल्या लग्नाला अडीच, त्याआधी सत्यभामेला जाऊन एक.

"ती जिती होती तवा," ती म्हणाली. "घरी आई तिले बिब्बा लावून राह्यली होती, अन् तुमी मलकापूरले दवाई घेऊन राह्यले होते. तिले काऊन नाही नेलं?"

"लाज वाटली," तो म्हणाला. "तिले नेलं असतं त कुठून आणलं तेही सांगा लागलं असतं. वाटलं, तिचंही जाईन."

सत्यभामेची इतके दिवस भीती वाटली, याचीच आता अन्नपूर्णेला शरम वाटली, आणि त्या कधी न पाहिलेल्या बाईसाठी तिचा जीव कळवळला. डॉक्टरीणबाईंनी औषधाची बाटली काढली, पडदा सरकवला आणि पंजाबरावाला बाहेर थांबायला सांगितलं. तो लगबगीनं उठला. सुटका झाल्यासारखा उठला.

"नोको," अन्नपूर्णा तपासायच्या टेबलावर चढत म्हणाली. "त्यायले इथंच राहू द्या, बाई. तिचं त्यायनं पाह्यलं नाही. माह्यं पाहू द्या."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं चष्म्यावरून पाहिलं, आणि तिच्या पायांकडच्या स्टुलाकडं बोट केलं. पंजाबराव तिथं जाऊन बसला.