बंद पत्त्यांना शुभेच्छा

यादीत ११,३४० ईमेल पत्ते होते. त्यांपैकी ४,१०७ जणांनी दोन वर्षांत आमचा एकही ईमेल उघडला नव्हता. किमान ६२ जण हयात नव्हते.

मामाच्या तपासणी लॅबमधून या सगळ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा जात, रोज सरासरी ३१. रिपोर्टही त्याच ईमेल पत्त्यावरून जात. मार्चमध्ये आमचं नाव नको असलेले ईमेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेलं आणि रिपोर्ट लोकांच्या स्पॅममध्ये पडू लागले.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई मानेतल्या गाठीचा नमुना देऊन गेल्या. "डॉक्टर रिपोर्ट बघूनच पुढचं ठरवणार आहेत. लवकर पाठव हं, पोरी."

मी मामाला समजावलं, "बंद पडलेले काही पत्ते काळ्या यादीवाले सापळ्यासारखे ठेवतात. तिथे पाठवलं की आपण सापडतो. ते चार हजार काढून टाकू या."

"शुभेच्छा देणं गुन्हा कधीपासून झाला गं?"

"मेलेल्यांना देतोय आपण, मामा."

"मग काय, तक्रार करायला येणार आहेत का ते?"

मामी आतून खुदकन हसली.

काळ्या यादीतून नाव काढण्याच्या अर्जात एकच प्रश्न होता: कारण दूर केलं का?

"हो लिही," मामा म्हणाला. "रसायनशास्त्र शिकलीस, एवढं नाही येत?"

मी 'हो' लिहिलं. दोन दिवसांत नाव निघालं. शुभेच्छा चालूच राहिल्या. नवव्या दिवशी नाव पुन्हा काळ्या यादीत. आता अर्जाच्या जागी सूचना होती: तीस दिवस थांबा.

"निदान रिपोर्टवाल्यांना फोन करू या," मी म्हणाले.

"म्हणजे गावभर बोंब? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी उचललेला फोन खाली ठेवला.

गाठीचा नमुना दिलेल्या बाईंचा रिपोर्ट त्याच्या दुसऱ्या दिवशी ईमेलने गेला. त्यानंतर तेवीस दिवसांनी त्या स्वतःच आल्या. "काही नसेल म्हणूनच आला नसेल, असं वाटलं," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या फोनमधलं स्पॅम उघडून दाखवलं.

"बघा," मामा म्हणाला, "आम्ही वेळेवरच पाठवलाय."

नमुना घेताना गाठ ११ मिलिमीटर होती. त्या दुपारी डॉक्टरांनी पुन्हा मोजली. १७ मिलिमीटर.