आधी समोरच्याची बाजू

आमच्या ह्यांची दाढ दुखत होती आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर जिवलग मित्राचा दवाखाना होता, तोही दातांचाच. तरी हे गाल धरून दुधात पाव बुडवून खात बसायचे, कारण मित्राशी अबोला. दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर तेही नाही. त्याला वाईट वाटेल, म्हणे! आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं?

अबोला धरला वादसभेपायी. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमची दर महिन्याला वादसभा भरते. मध्यंतरी दूरच्या एका शहरात अतिरेक्यांनी भर बाजारात बॉम्ब फोडला, माणसं गेली, आणि त्या महिन्याचा विषय ठरला, इस्लामच्या नावाने होणारा हा हिंसाचार कशामुळे? आमचे हे निवृत्त इतिहासशिक्षक, सगळे मास्तरच म्हणतात. त्यांचं मत असं, की लढाया, परक्या फौजा, उद्ध्वस्त गावं आणि रिकामे हात हेच खरं कारण, धर्म नुसता झेंड्यापुरता. डॉक्टर भाऊजी, म्हणजे तेच दातांचे मित्र, नेमाने नमाज पढणारे, आणि त्यांचं म्हणणं बरोब्बर उलट. द्वेष शिकवणारी एक विचारसरणी आहे, ती शिकवणारी माणसं आहेत, आणि आमच्या घरातला केर आम्हीच काढला पाहिजे.

सभा छान रंगली होती. पण बोलण्याच्या भरात हे म्हणून गेले, की डॉक्टर असं बोलतात ते चारचौघांना बरं वाटावं म्हणून. भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि जिना उतरून गेले. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

त्यात भाजी घेताना भाऊजींच्या बायकोने मला सांगितलं, की महिनाअखेरीला दवाखाना बंद करून ते मुलाकडे परगावी निघालेत, कायमचे. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे नुसतं "बरं" म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले, ते चहा गार होईपर्यंत एकाच पानावर. मिसरूड फुटायच्या आधीपासूनची मैत्री, ती काय अशी एका वाक्यापायी संपू द्यायची?

यंदा सभेची अध्यक्ष मी. दुसऱ्या कुणी हात वर केला नाही म्हणून झाले, ते जाऊ द्या. आमच्या सभेचा एक जुना नियम होता. आपलं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि तो "हो, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत आपली बाजू उघडायची नाही. फार वेळ खातो म्हणून लोकांनी तो कधीच गुंडाळून ठेवला होता. मी तो बाहेर काढला, विषय तोच लावला, आणि दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, की दुसरा येणार नाहीये. धादांत खोटं, पण मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

सभेत समोरासमोर खुर्च्या बघून दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. आधी भाऊजी उठले. त्यांनी ह्यांचं म्हणणं ह्यांच्यापेक्षा नीट मांडलं. ज्याचं घर जमीनदोस्त झालं त्याचा राग आधी समजून घ्या, आणि मूठभर लोकांच्या पापासाठी सगळ्या समाजाला पिंजऱ्यात उभं करू नका. ह्यांनी गाल धरूनच मान डोलावली आणि "हो, हेच" म्हणाले.

मग ह्यांची पाळी. डॉक्टरांना धर्मच वाईट वाटतो, असं ह्यांनी सांगितलं. भाऊजी म्हणाले, नाही. बरं, मग लढायांशी काही संबंध नाही असं त्यांना वाटतं, हे म्हणाले. भाऊजी म्हणाले, तसंही नाही. लोक हसायला लागले. जन्मभर पोरांना नापास करणारा माणूस स्वतः नापास होत होता. शेवटी हे मटकन खाली बसले.

"मग तूच सांग ना रे," हे म्हणाले.

भाऊजींनी पुतण्याची गोष्ट सांगितली. चांगली नोकरी, घरी माया करणारी माणसं, कशाची ददात नव्हती. तरी मोबाइलवरच्या एका गोडबोल्या उपदेशकाने त्याच्या मनात विष कालवलं. भाऊजी आणि त्यांचे भाऊ महिनोन्‌महिने त्याच्याशी बोलत बसले, आणि त्याच धर्माच्या आधाराने त्याला मागे ओढला. आता तो बाथरूमच्या फरशा विकतो, आणि सख्ख्या काकालाही सूट देत नाही. सगळी खोली हसली. हे तेवढे हसले नाहीत.

"मी चारचौघांसाठी बोलत नव्हतो, मास्तर," भाऊजी म्हणाले. "त्याच्यासाठी बोलत होतो."

हे पुन्हा उठले. गालावरचा हात आता खाली आला होता.

"डॉक्टरचं म्हणणं असं. राग कशानेही येवो, त्या रागाला खुनाची वाट दाखवणारा विचार वेगळा असतो, आणि त्याला नाव घेऊन अडवावं लागतं. अडवायला आधी उभे राहतात ते त्याच धर्माचे लोक, कारण पोरं त्यांची जातात. ह्याला छाती लागते. मी तिला लाचारी म्हणालो. चुकलं माझं."

मी भाऊजींच्या "हो"ची वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

"नाही," ते म्हणाले. "अजून जमलं नाही तुला. मी गेल्यावर दर रविवारी फोन करून सांगत जा. जमेल हळूहळू."

लोक डॉक्टरांच्या कडकपणाबद्दल कुजबुजत पांगले. खरं तर ह्यांचा शब्दन्‌शब्द बरोबर होता, आणि निर्णय द्यायचा हक्क अध्यक्षाचा. तो हक्क मी वापरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना दवाखान्यात नेलं. सगळं सामान खोक्यांत भरलेलं, फक्त खुर्ची, दिवा आणि दाढ काढायचा चिमटा तेवढा बाहेर. एवढंच का नाही भरलं, मी विचारलं.

"ह्या खिडकीतून रोज दिसायचा हा, गाल धरून जाताना, वहिनी."

हे काहीतरी बोलायला गेले, पण तोंडात भाऊजींचा हात होता.

भाऊजी जाऊन आता बरेच दिवस झाले. दर रविवारी हे फोन लावतात, मोठ्या आवाजात डॉक्टरांची बाजू मांडतात, पलीकडून "नाही" येतं. मग दिवसभर घरात गुणगुणत फिरतात.