तक्रारदाराची खुर्ची

मित्रांनो, माझा आवाज थकलेला वाटला तर रागावू नका. मी रुग्णालयाच्या प्रशिक्षण-खोलीतली जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला घडवलं ते वाट पाहणाऱ्या नातेवाइकांसाठी. "हिच्यात पाठ टेकली की बरं वाटतं," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचे. पुढे गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी इथे झाली.

इथे डॉक्टरच शिकायला येतात. तक्रार आली, उपचारात मोठी चूक झाली, तर घरच्यांशी कसं बोलायचं, हे त्यांना शिकवतात. एक डॉक्टर माझ्यात बसून नातेवाईक होतो, दुसरा समोर बसून उत्तर देतो. भलेभले इथे गडबडतात. समोरचा रडण्याचं सोंग करत असतो आणि हे रक्ताचे रिपोर्ट समजावत बसतात. शिकवणाऱ्या बाई कपाळाला हात लावतात. "अहो, त्यांनी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय?" वर्षानुवर्षं तेच. खोटी रडणी ऐकून मी अगदी कंटाळून गेले.

परवा मात्र माझ्यात खरा माणूस बसला. तक्रारींच्या ऑफिसात रंगकाम चालू होतं, म्हणून त्याला इथे आणलं. एका इंजेक्शननंतर त्याची बायको गेली होती. समोर तक्रारी पाहणारे डॉक्टर होते, नुकतेच इथून शिकून गेलेले.

"मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "तिला ते इंजेक्शन सोसत नाही, हे मी तुमच्या लोकांना सांगितलं होतं की नाही? पोरगी रोज विचारते. मला आता आठवतच नाही."

"तुमचं दुःख मी समजू शकतो," डॉक्टर म्हणाले.

"हे पाठ करून आलात का?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हो," ते म्हणाले, "पाठच केलंय." त्यांनी तिचे केसपेपर उघडून पाहिले. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. तरी आम्ही दिलं. चूक आमची आहे."

त्याने माझे हात घट्ट धरले. तो आता ओरडेल, असं मला वाटलं. पण तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी सांगितलं होतं." आणि मग तो रडला. इतक्या वर्षांत तसं रडणं मी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवी गादीही नको. कुणी काही विचारलं, तर आधी तेवढ्याचं उत्तर द्या. ते घेऊन त्याला घरी पोरीकडे जायचं असतं.