तक्त्याला बॉर्डर नव्हती

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून बसायचं, त्यामुळे घाणीची मला सहसा किळस येत नाही. किडलेली दाढ, हिरड्यांतला पू, जिभेवरचा पिवळा थर, सगळं पाहून झाल्यावर मी निवांतपणे माझं हेरिंग माशाचं सँडविच खाते. पण आमच्या इमारतीच्या तळघरात धुण्याची खोली आहे ना, तिथे मी आता पाऊल टाकत नाही.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराच्या पूर्वेला, ट्राम जिथे वळसा घालून परत फिरते, तिथे आमची तीन मजली विटांची इमारत आहे. तळघरात सगळ्यांत मिळून दोन मशीन, एक वाळवणाची खोली आणि दारावर एक तक्ता. कुणी कुठल्या वारी, सकाळी की दुपारी धुवायचं, ते त्यात. कित्येक वर्षं तो तक्ता आमची शेजारीण गुन्वर करायची. पट्टी लावून पेन्सिलीने रेघा मारायच्या आणि ज्याचं नाव त्याच्या चौकोनात. त्यावरून कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. मग गुन्वरचं कंबरेचं हाड मोडलं, ती मुलीकडे राहायला गेली आणि तक्ता सिक्स्तेनच्या हातात आला.

सिक्स्तेनचा जन्म कस्टममध्ये गेला. निवृत्त झाला तरी लोकांच्या बॅगा उघडून बघायची त्याची सवय सुटली नव्हती. आता तो आमच्या कचऱ्याच्या पिशव्या उघडतो. काचेच्या डब्यात प्लास्टिकचं झाकण सापडलं की ते चिमटीत धरून दारोदार फिरतो. इमारतीच्या समितीचा तो चिटणीस, आणि नुकताच वाचनालयात जाऊन कॉम्प्युटर शिकला होता. शिकला म्हणजे काय, पानाभोवती बॉर्डर घालायला शिकला. त्यानंतर आमच्या जिन्यात सूचनांचं पीक आलं. ‘वाळवणाच्या खोलीतली जाळी साफ न करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे’, आणि चहूबाजूंनी लाल लाल सफरचंदांची किनार. ‘दुसऱ्याचा साबण वापरणं ही चोरीच’, भोवती नाताळची झाडं आणि मेणबत्त्या. एका सूचनेला तर जाड काळी चौकट होती, पेपरात मेलेल्या माणसाच्या बातमीला असते तशी. मी ती वाचायला गेले तर आत लिहिलेलं होतं, ‘सायकली भिंतीला टेकवू नका’.

आणि ज्याला खरोखर चौकोन हवे होते, त्या तक्त्याला मात्र एकही रेघ नाही. पांढऱ्या कागदावर नुसती नावं पसरलेली. वर वार, डावीकडे सकाळ-दुपार, आणि मधे नावं अशी तरंगत होती, जशा सूपमध्ये बटाट्याच्या फोडी. मायब्रित आणि तिचा नवरा यांचं जोडनाव लांबलचक, ते दोन ओळींत मोडलं होतं. त्यामुळे त्याच्या शेजारचं हिवेतचं नाव शनिवारच्या खाली आहे की रविवारच्या, सकाळी आहे की दुपारी, हे तुम्ही मान कुठल्या बाजूला कलती कराल त्यावर अवलंबून होतं.

हिवेत आमच्याकडे उन्हाळ्यात राहायला आली. मूळची एरिट्रियाची. वृद्धाश्रमात कामाला, दोन लहान मुलं, नवरा नाही. जिन्यात भेटली की आधी बाजूला व्हायची, मग नमस्कार करायची. तिच्या हातात एकतर मूल असायचं नाहीतर धुण्याची निळी पिशवी.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी माझी विसरलेली पांघरुणाची खोळ आणायला तळघरात गेले. दार उघडं होतं. दोन्ही मशीन चालू, आणि जमिनीवर, गटाराच्या जाळीपाशी, ओल्या कपड्यांचा ढीग. लहान मुलांच्या चादरी. एकीवर पिवळी बदकं होती. धुतलेल्या, पिळलेल्या, तशाच्या तशा मशीनमधून ओढून खाली टाकलेल्या. आणि त्या ढिगावर वाळवणाच्या मशीनच्या जाळीतून काढलेला मळ झटकलेला होता. राखाडी, केसाळ, चिकट गोळे. त्यात कुणाचे तरी लांब पांढरे केस गुंतलेले. ओल्या कापडाला तो मळ असा चिकटला होता की मला उमासा आला. हे चुकून पडलेलं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम, हाताने, त्या बदकांवर झाडलं होतं.

वर एक चिठ्ठी. ‘आमच्याकडे वेळ पाळतात.’ सही नाही. सहीची गरजही नव्हती, कारण ते गोलसर, नीटस अक्षर मी दर नाताळला शुभेच्छापत्रावर बघते. मायब्रितचं.

मी ती चिठ्ठी उचलून खिशात घालणार, तेवढ्यात मागून हिवेत आली. धाकटं पोर कडेवर. तिने ढिगाकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली.

“शनिवार सकाळ माझी आहे,” ती हळूच म्हणाली. “मी तीन वेळा बघितलं. सोल्वेग, तुम्ही बघा ना. माझी आहे ना?”

मी तक्त्यापाशी गेले. बघितलं. आणि खरं सांगते, मला कळलं नाही. शनिवारही वाटत होता, रविवारही.

“मी विचारून सांगते,” मी म्हणाले, आणि आम्ही दोघींनी मिळून त्या चादरी पुन्हा पिशवीत भरल्या. चिठ्ठी मी खिशात घातली. तो मळ माझ्या बोटांना लागला. घरी येऊन मी हात कितीतरी वेळ धुतले.

दुपारी सिक्स्तेनकडे गेले. त्याने कॉफी ओतली आणि मी कशाला आलेय हे कळल्यावर खुशीत येऊन कॉम्प्युटर चालू केला.

“हे बघ,” तो पडद्यावर बोट आपटत म्हणाला. “रेषा आहेत की नाहीत? प्रत्येकाला चौकोन दिलाय मी.”

पडद्यावर खरंच रेषा होत्या. पुसट, तुटक, निळसर. मी त्या ओळखल्या, कारण दवाखान्यात वेळापत्रक करताना माझीही एकदा हीच फजिती झाली होती.

“सिक्स्तेन, या नुसत्या दाखवायच्या रेषा आहेत. काम करताना आपल्याला कळावं म्हणून. त्या छापल्या जात नाहीत. छापायला बॉर्डर द्यावी लागते. तू सफरचंदांची देतोस ना, तशी.”

“पण मला तर दिसतायत.”

“तुला पडद्यावर दिसतायत. कागदावर नाहीत. कागद बघ.”

त्याने कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला. “शाई कमी असेल.”

“नावं तर काळी कुळकुळीत उमटलीयत! मग रेषांपुरतीच शाई संपली?”

“हे बघ सोल्वेग, ज्याला नियम पाळायचाय त्याला कळतं कुठे रेघ आहे ते. बाकी कुणी तक्रार केली का? इतकी वर्षं इथे राहणाऱ्यांना बरोबर समजतं.”

मी माउस माझ्या हातात घेतला आणि हिवेतच्या नावावर नेला. तुटक निळ्या रेषांच्या मधोमध, शनिवार, सकाळ. तिचं नाव तिथे बसलेलं होतं, स्पष्ट.

“म्हणजे ती बरोबर होती,” मी म्हणाले. “मायब्रितची वेळ दुपारची आहे.”

सिक्स्तेनने पडद्याकडे पाहिलं. त्याला दिसलं. मी त्याचा चेहरा बघत होते, त्याला नक्की दिसलं. त्याने कॉफीचा घोट घेतला, दालचिनीचा बन मोडला, आणि तोंडात घास असतानाच म्हणाला, “मी कुठे म्हटलं ती चूक होती म्हणून? पण शंका होती तर तिने विचारायचं ना. आम्ही काय खातो का तिला?”

ओठाच्या कोपऱ्यात साखरेचे कण, आणि हे वाक्य. मी कप तसाच ठेवून उठले.

मला वाटलं, आता तरी नवा तक्ता लागेल. लागली ती सूचना. या वेळी किनारीला छोटे छोटे पतंग होते. ‘धुण्याच्या वेळेचा भंग: संबंधित रहिवाशाची सकाळची वेळ काढून घेण्याबाबत समितीच्या बैठकीत चर्चा होईल. सर्वांनी यावे. कॉफी मिळेल.’

बैठक सायकलींच्या खोलीत झाली. घडीच्या खुर्च्या, थर्मास, बनचा डबा. झाडून सगळे आले होते, अगदी एरवी दार न उघडणारेही. मायब्रितने लिपस्टिक लावली होती. हिवेत कामावरून थेट आली होती, अंगावर वृद्धाश्रमातल्या कामाचा झगा, त्यावर तिने कोट घातला होता. ती मागच्या रांगेत, दाराजवळ बसली.

सिक्स्तेनने प्रस्ताव वाचायला घेतला, तेव्हा मी उभी राहिले.

“मी याच्या घरी कॉम्प्युटरवर बघून आलेय. शनिवार सकाळ हिवेतचीच आहे. कागदावर रेषा छापल्याच गेल्या नाहीत, म्हणून कुणालाच काही कळत नव्हतं. सिक्स्तेनला हे माहीत आहे. मी त्याला दाखवलं.”

सगळे एकदम बोलायला लागले. मला वाटलं होतं की आता लाजतील. छे! सगळ्यांना केवढा आनंद झाला.

“तरीच! मी पण दोनदा चुकीच्या दिवशी गेलो होतो.”

“आमच्या प्रिंटरचंही असंच होतं.”

“गुन्वर असती तर हे झालं नसतं.”

“अरे, मग जाडसर बॉर्डर देऊन टाक ना, सिक्स्तेन. दुहेरी.”

“रंगीत मिळते का?”

सिक्स्तेनने लगेच वही काढून लिहायला सुरुवात केली: दुहेरी की एकेरी, मताला टाकू या. मायब्रित हसत हसत हिवेतकडे वळली. “बघ, म्हणजे सगळा दोष त्या प्रिंटरचा! आपण उगाच एकमेकींवर चिडलो.”

‘एकमेकींवर’. हिवेत कधी चिडली होती?

हिवेत उठली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण खोलीत सायकलींमुळे आवाज घुमतो.

“रेषांचं राहू द्या. माझ्या मुलांच्या चादरी जमिनीवर कुणी टाकल्या?”

थर्मासचं झाकण कुणीतरी फिरवून घट्ट केलं.

“त्यांच्यावर मळ कुणी टाकला? ते तर कागदावरून नाही होत. ते हाताने करावं लागतं.”

“आता ते मागचं उकरून...” सिक्स्तेन म्हणाला.

“मला फक्त नाव पाहिजे. मी भांडणार नाही.”

मी मायब्रितकडे पाहिलं. ती बनवरची साखर एकेक दाणा करून टिपत होती. तिचा नवरा छताकडे बघत होता. समोरच्या घरातला तरुण, जो शिक्षक आहे आणि ज्याच्या खिडकीत वर्षभर शांततेचं पोस्टर असतं, तो मोबाईल बघत होता. माझी खात्री आहे, त्या खोलीतल्या प्रत्येकाने ते अक्षर ओळखलं असतं. चिठ्ठी माझ्या कोटाच्या खिशात होतीच. मी ती काढली आणि टेबलावर, बनच्या डब्याशेजारी उलगडून ठेवली.

कुणी हात लावला नाही. कुणी वाकून वाचलीही नाही. सिक्स्तेनने घसा साफ केला. “तर, दुहेरी बॉर्डरच्या बाजूने किती?”

हात वर झाले. हिवेतने ते वर गेलेले हात पाहिले, पिशवी उचलली आणि निघून गेली. दार तिने हळूच लावलं, आत मूल झोपलेलं असावं तसं. मी तिच्यामागे गेले, पण ती तोवर वर पोचली होती.

नवा तक्ता दुसऱ्याच आठवड्यात लागला. दुहेरी बॉर्डर, कडक, काळी, आंधळ्यालाही चाचपडून कळेल अशी. शनिवार सकाळच्या चौकोनात हिवेतचं नाव ठळक अक्षरात. ती एकदाही आली नाही. शनिवारी सकाळी मशीन रिकामी उभी असायची. हिवेत निळी पिशवी पाठीवर टाकून, दोन्ही पोरांना घेऊन ट्रामने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बहिणीकडे जायची धुवायला. बर्फ पडलं तरी.

मी एकदा स्टॉपवर तिला गाठलं. “माझ्या वेळेला ये. मी सोबत थांबेन खाली.”

“तुम्ही चांगल्या आहात,” ती म्हणाली. “पण मी तिथे कपडे ठेवून वर गेले की पुन्हा खाली येईपर्यंत मला श्वास घेता येत नाही. बहिणीकडे येतो.” मग ट्राम आली.

वसंतात तिने घर बदललं, बहिणीच्या जवळ. सामान नेताना मी खोकी उचलायला गेले. सिक्स्तेनही खाली आला होता. तिने फेकलेल्या कागदांच्या पिशवीत काही भलतं नाही ना, ते बघत होता.

त्याच संध्याकाळी मायब्रित मला जिन्यात भेटली. हातात घरी केलेला वेलदोड्याचा केक.

“गेली म्हणे ती,” ती म्हणाली. “इतकं मनाला लावून घ्यायचं काय? आपण तर तक्ताही नवा केला.”

“मायब्रित,” मी म्हणाले, “तू त्या चादरी जमिनीवर टाकल्यास. लहान मुलांच्या. वर मळ झाडलास.”

मला वाटलं, ती नाकारेल. निदान लाल तरी होईल. तिने माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं.

“जमीन स्वच्छ होती, सोल्वेग. त्याच सकाळी मीच पुसली होती.” आणि केकची ताटली पुढे केली. “घे ना. गरम आहे.”

मी तिला बाजूला सारून वर आले आणि दार आतून लावून घेतलं. माझ्या धुण्याच्या वेळेचं मी दुसऱ्या दिवशी सिक्स्तेनला सांगून टाकलं, माझं नाव तक्त्यातून काढ. आता मी ट्राम पकडून पैसे टाकून धुवायच्या दुकानात जाते. त्याने माझं नाव काढलं, पण चौकोन तसाच ठेवलाय, रिकामा, चारी बाजूंनी दुहेरी बॉर्डर.